दप्तर कोणी सांभाळावयाचे?

गोंदिया जिल्ह्यात संस्था निघत नाहीत, अशी तक्रार कोणास करता यावयाची नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून विभक्त होऊन हा जिल्हा स्वतंत्र झाला. परंतु येथील मंडळे, वाचनालये व मच्छीमार सोसायट्या यांची परंपरा त्याहून जुनी आहे, आणि अलीकडे महिलांच्या बचत गटांची त्यात मोठी भर पडली आहे. आमच्याकडे चार माणसे जमली की मंडळ निघते, सहा जमली की त्याची पाटी रंगते आणि सात जमली की मंडळी नोंदणीस निघतात. कारण संस्था नोंदणीचा १८६० चा कायदा सात सह्यांवाचून पुढे सरकत नाही. तेव्हा उणीव उत्साहाची नाही. उणीव दिसते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पाटीचा रंग उडू लागतो तेव्हा. त्या वेळी संस्था कशाने मेली असे विचारले, तर लोक पैशाकडे बोट दाखवितात. आमचा अनुभव असा की, पैशाच्या अभावी जितक्या मेल्या त्याहून अधिक दप्तराच्या अभावी मेल्या. विषय रुक्ष आहे खरा; परंतु खातेवही नीट नसलेल्या दुकानाचे काय होते, हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावे असे नाही.

कायद्याची अपेक्षा काय असते ते पाहा. महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेस १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद करावी लागते. विश्वस्त बदलला, वारला किंवा त्याने राजीनामा दिला की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. दर वर्षी हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात दाखल करावे लागतात. प्राप्तिकरातील सवलत पाहिजे असेल तर त्याची नोंदणी निराळी, आणि २०२१ पासून ती कायमची न राहता पाच वर्षांची झाली. लहान संस्थांकरिता ही मुदत २०२५ साली दहा वर्षांपर्यंत वाढविण्यात आली, हे उपकारच म्हणावयाचे. यापैकी एकेक नियम घेतला तर तो अन्यायाचा नाही. लोकांचा पैसा हाताळणाराने लोकांस हिशेब दिलाच पाहिजे, आणि आम्ही स्वतः कायद्याचे विद्यार्थी असल्यामुळे या नियमांविरुद्ध ओरड करणाऱ्यांत सामील होणार नाही. परंतु मुंबईतील कोट्यधीश न्यासास आणि सालेकशाच्या रानातील बारा बायकांच्या मंडळास एकाच गजाने मोजले, तर पहिल्याजवळ गज वाचणारा पगारी कारकून असतो व दुसऱ्याजवळ नसतो, एवढाच काय तो फरक. पण त्या एका फरकाने सारे काही घडते आणि बिघडते.

एक उदाहरण आमच्या वकिलीतले आहे. एका खेड्यातील महिला मंडळाच्या अध्यक्षबाई वारल्या. बायकांनी रीतसर सभा भरवून दुसऱ्या बाईस निवडले, ठराव वहीत उतरविला, अंगठे-सह्या झाल्या, आणि आपण सर्व काही केले असे समजून त्या धानाच्या रोवणीस लागल्या. बदल अर्ज नावाची काही वस्तु असते हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. पुढे बँकेत सही बदलावयाची वेळ आली तेव्हा बँकेने धर्मादाय कार्यालयाचा दाखला मागितला, कार्यालयाने मागील वर्षांचे हिशेब मागितले, आणि हिशेब तपासणाराने पावत्या मागितल्या. पावत्या वारलेल्या बाईंच्या पेटीत होत्या व ती पेटी त्यांच्या मुलाने विकली होती. स्वतःच्याच घामाचे पैसे त्या बायकांस कित्येक महिने काढता आले नाहीत. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्यातील एक वृद्ध बाई म्हणाली, ‘‘वकीलसाहेब, चोरी झाली असती तं निदान पोलिसात गेलो असतो.’’ यास आमच्याजवळ उत्तर नव्हते. अर्ज करून दिला, काम झालेही. परंतु अर्ध्या तासाचा सल्ला पहिल्याच आठवड्यात मिळता, तर हा सारा खटाटोप वाचला असता.

हा अर्ध्या तासाचा सल्ला देणारी, हिशेबाची वही घालून देणारी, कोणत्या कचेरीत कोणता कागद लागतो ते सांगणारी, आणि दहा लहान संस्थांस एकमेकींची ओळख करून देणारी जी संस्था, तिला आम्ही संस्थांची संस्था म्हणतो. कल्पना नवी नाही. सहकारी चळवळीच्या बाल्यावस्थेतच, १९१८ साली, मुंबई इलाख्यात सहकारी शिक्षण व प्रचार यांकरिता मध्यवर्ती संस्था निघाली होती. विलायतेत १९१९ साली समाजसेवेची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, आणि पुढे तेथे गावोगावी स्वयंसेवी संस्थांस साह्य करणारी स्थानिक मंडळे उभी राहिली. आपल्याकडे मात्र दाता शाळेस खोली देईल, मंदिरास कळस देईल, पाणपोईस माठ देईल. पण पाणपोई चालविणाऱ्या मंडळाच्या हिशेबनिसास वर्षाचा पगार द्या म्हटले, की त्याचा चेहरा उतरतो. कळसावर नाव कोरता येते, जमाखर्चावर येत नाही.

असे साह्य नीट मिळाले तर काय होते, हे पाहावयास विलायतेस जाण्याचे कारण नाही. अर्जुनी-मोरगावपर्यंत गेले तरी पुरे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने व त्या काळच्या गोंड राजवटीने बांधविलेले हे हजारो तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. पाणी, मासळी व गाळ यांवरील गावाचे हक्क वाजिब-उल-अर्जात नोंदलेले असत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली व १९५१ पासून तलाव सरकारचे झाले. माजी मालगुजारी या शब्दांची आद्याक्षरे जोडून सरकारी कागदांत त्यांस ‘मामा तलाव’ असे लाडके नाव मिळाले. भाच्यांनी मामाची इस्टेट कशी सांभाळली हे गाळाने भरलेले तलाव पाहिले म्हणजे कळते. मालगुजार जुलमी असेल, होताही. परंतु पाळ फुटली तर ती कोणी बांधावयाची याचे उत्तर त्याच्या काळी गावास ठाऊक होते. नंतर ते उत्तर जिल्हा परिषद आणि सिंचन खाते यांच्या दप्तरांत हरवले.

या तलावांवर जगणारा ढिवर समाज. त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्था कायद्याने आहेत, तलाव ठेक्याने त्यांस मिळतात. परंतु तलावात बेशरमाची झुडपे माजली, पाण्यातील देशी वनस्पती गेल्या, आणि बाहेरून आणलेल्या रोहू-कतल्याच्या बीजावर सारी भिस्त बसल्याने मरळीसारखे स्थानिक मासे कमी कमी होत गेले. संस्था होती, ठेका होता, मासा नव्हता. अशा वेळी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ नावाची लहानशी संस्था या भागात ढिवरांबरोबर काम करू लागली. तिने काय केले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिने ढिवरांस मासेमारी शिकविली नाही. ती त्यांस अंगणातच शिकावयास मिळते. तिने त्यांचेच ज्ञान त्यांच्याकडून ऐकून लिहून घेतले: कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, कोणत्या वनस्पती पूर्वी कोणत्या तलावात होत्या, देवधानासारखे रानभात कोठे उरले आहे. मग त्याच ज्ञानाच्या आधारे बेशरम उपटणे, उन्हाळ्यात तळाची नांगरट करणे, दुसऱ्या तलावांतून देशी वनस्पती आणून लावणे ही कामे ढिवर संस्थांनी स्वतः केली, आणि ज्या तलावांत ती झाली तेथे देशी मासे पुन्हा दिसू लागले. पुढे ढिवर स्त्रियाही या कामात उतरल्या, आणि तलावाच्या प्रश्नावर ग्रामसभेत बोलू लागल्या.

कोणी म्हणेल, यात मंडळाचे श्रेय ते काय? आमच्या मते श्रेय यातच आहे. ढिवराचे ज्ञान तोंडी असते, कचेरी कागद मागते. तोंडाचे कागदावर आणणारा आणि तरीही तोंड ज्याचे त्याचेच राहू देणारा माणूस दुर्मिळ असतो. बहुतेक ठिकाणी असे घडते की, कागद लिहिणाराच पुढे संस्थेचा धनी होतो, आणि ज्याच्या नावाने कागद लिहिला तो बाहेर ओट्यावर बसतो.

दुसरे उदाहरण देवरीकडील आहे, आणि ते आमच्या व्यापारी बंधूंच्या थेट जिव्हाळ्याचे आहे; कारण गोंदियाच्या विडी व्यवसायाचा पाया तेंदूपत्त्यावर आहे. १९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली गेला. लिलाव वनखात्याने करावा, पान कंत्राटदाराने न्यावे, आणि पहाटेपासून रान तुडविणाऱ्या गोंड-हलबा कुटुंबाने ७० पानांचा पुडा बांधून मजुरी घ्यावी, अशी रीत पडली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाकडे दिली. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्राच्या यादीत नाही. शेजारच्या गडचिरोलीतील अनेक गावांस १९९६ च्या पेसा कायद्याचा जो दुसरा आधार आहे तो आमच्या देवरी-सालेकशास नाही. येथील गावांस जे काही मिळवावयाचे ते वनहक्क कायद्याच्या एकाच दोरीने वर चढून मिळवावयाचे.

ती दोरी कागदाची आहे. सामूहिक हक्काचा दावा करावयाचा तर सीमांचा नकाशा, जुने निस्तारपत्रक, वृद्धांचे जबाब, ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. हक्कपत्र हाती आले तरी पान आपोआप विकले जात नाही. हिवाळ्यात जाहिरात द्यावयाची, देकार मागवावयाचे, ते सर्वांसमक्ष उघडावयाचे, करारनामा करावयाचा, अनामत घ्यावयाची, फडीमुन्शी नेमावयाचा, पुड्यांची मोजणी घरनिहाय लिहावयाची, आणि २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेच्याच समितीने द्यावयाचा. बँकेत ग्रामसभेचे खाते पाहिजे, प्राप्तिकराचा क्रमांक पाहिजे. २०१३ च्या हंगामापासून गोंदिया-गडचिरोली भागातील काही ग्रामसभांनी खात्याच्या लिलावातून बाहेर पडून स्वतः पान विकण्याचे धाडस केले, तेव्हा नागपूरच्या विदर्भ निसर्ग संरक्षण संस्थेसारख्या मंडळींनी त्यांस हे सारे शिकविले. आणि पुढे देवरीकडील ग्रामसभांनी एकत्र येऊन आपला महासंघ केला. एकेकटे गाव देकार मागविते तेव्हा व्यापारी भाव सांगतो. अनेक गावे एकत्र बसतात तेव्हा भाव ठरतो.

आमच्या काही व्यापारी मित्रांस ही गोष्ट कडू लागते, हे आम्हास ठाऊक आहे. परंतु त्यांनी थंड डोक्याने विचार करावा. ज्याचे खाते नाही, ठराववही नाही, सही कोणाची हे नक्की नाही, अशा गावाशी करार करणे व्यापाऱ्याच्या हिताचे आहे काय? उद्या गावात तंटा झाला आणि दुसऱ्या गटाने गोदामावर गाडी अडविली, तर कोणता कागद घेऊन तो न्यायालयात जाईल? नीट दप्तर असलेली ग्रामसभा चार पैसे अधिक मागेल, पण दिलेला शब्द पाळील. धान्याच्या अडतीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांस शब्दाची किंमत निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

येथपर्यंत वाचून कोणास असे वाटेल की, आम्ही अशा साह्यकारी संस्थांचे भाट झालो आहो. तसे नाही. या व्यवसायात ढोंग पुष्कळ आहे. खेड्यातील संस्थेचे अहवाल शहरात बसून लिहिणारे, प्रशिक्षणाच्या नावाखाली फलक टांगून छायाचित्रे काढणारे, आणि अनुदानाचा टक्का कापून घेणारे सज्जन आम्ही पाहिले आहेत. त्यांस दलाल म्हणणे हा दलालांचा अपमान होय. दलाल निदान माल पोचवितो. तेव्हा खरी संस्था कोणती व ढोंगी कोणती हे ओळखावयाचे कसे? आमची कसोटी एकच आहे: तिचा पगार कोण देतो, आणि तिला काढून टाकण्याचा अधिकार कोणास आहे?

या कसोटीवर महिला आर्थिक विकास महामंडळाचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, स्थापन झालेल्या या सरकारी महामंडळाने २००७ नंतर आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या कर्जावर ‘तेजस्विनी’ कार्यक्रम चालविला, आणि त्यात लोकसंचालित साधन केंद्रे काढली. वीसएक गावे व दीडशे-दोनशे बचत गट मिळून एक केंद्र. त्याची कार्यकारिणी गटांतीलच बायकांची. व्यवस्थापक व हिशेबनीस पगारी, आणि तो पगार हळूहळू गटांच्या वर्गणीतून व सेवाशुल्कातून निघावा अशी योजना. आपल्या जिल्ह्यातही ही केंद्रे आहेत. सर्वच केंद्रे स्वतःच्या पायावर उभी राहिली असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वही तपासावयास आलेल्या माणसाचा पगार आपल्या वर्गणीतून जातो हे ज्या बाईस ठाऊक आहे, ती त्याच्यापुढे हात जोडून उभी राहत नाही; ती त्याला विचारते, ‘‘मागच्या महिन्यात का आला नाहीत?’’

वरून येणाऱ्या पैशाचा भरवसा किती, हेही गेल्या काही वर्षांत दिसून आले. परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने एका संस्थेस मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेस देण्यास पूर्ण बंदी केली, आणि व्यवस्थापनाच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. परदेशी पैशावर देश चालावा असे आम्हास कधीच वाटले नाही; स्वावलंबनाचा आग्रह आमच्या रक्तात आहे. तरीपण परिणाम काय झाला तो सांगितला पाहिजे. मोठ्या शहरातील संस्था देणगी घेऊन खेड्यातील लहान संस्थेस वाटा देत असे, ती साखळी तुटली. आणि हिशेबनीस, सल्लागार, प्रवास या ज्या खर्चावर साह्यकारी संस्थेचे सारे काम चालते तोच खर्च ‘व्यवस्थापन’ म्हणून कापला गेला. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा २०१४ पासून वाहू लागला, तो या जागी येईल अशी आशा होती. परंतु १ एप्रिल २०२१ पासून तो घेऊ इच्छिणाऱ्या संस्थेस आणखी एक नोंदणी लागते. आणि कंपनीस इमारत, टाकी, शिलाई यंत्र दाखवावयास पाहिजे असते, ठराववही दाखवून काय करावयाची? विलायतेचेही पाहा: तेथील पुष्कळ स्थानिक मंडळे नगरपालिकांच्या अनुदानावर विसंबून होती, आणि २०१० नंतर सरकारने खर्चास कात्री लावताच त्यांच्या हलाखीस सुरुवात झाली.

शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला, हे सर्वश्रुत आहे. त्यामागे ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे अनेक वर्षांचे साह्य होते. परंतु त्या गावी अभ्यास गट निराळा व ग्रामसभा निराळी अशी शिस्त होती: बाहेरच्या माणसाने अभ्यास गटात बसून हवे तितके बोलावे, निर्णय मात्र गावाने, आणि तोही सर्वांच्या संमतीने करावा. साह्य करणाराने आपली जागा दाराबाहेर कोठे आहे हे ओळखणे, आणि तरीही रोज दाराशी येणे, हे त्यात आले.

आता गोंदिया शहराकडे वळू. भातगिरण्यांचे मालक, विडी कारखानदार, सराफ, कापडवाले, वकील, हिशेब तपासनीस या सर्वांचे हे शहर आहे. येथे आठही तालुक्यांतील संस्थांकरिता एक कायमचे साह्य मंडळ का असू नये? इमारतीची गरज नाही. एक खोली, एक पगारी हिशेबनीस, फिरण्याकरिता एक दुचाकी, आणि आळीपाळीने बसणारे वकील एवढ्यावर ते चालेल. खर्चाचा निम्मा भाग व्यापाऱ्यांनी द्यावा. उरलेला संस्थांनी वर्गणीने द्यावा, मग ती वर्गणी गटामागे किती का लहान असेना. मात्र कार्यकारिणीत बहुमत संस्थांचे असावे, देणगीदारांचे नव्हे. आमच्या शेठजींस हे पहिल्या दिवशी खटकेल, पण ज्याचे दप्तर त्याचा धनी हा नियम त्यांच्या पेढीवरही चालतो. ढिवरांची सोसायटी, देवरीचा महासंघ आणि गोरेगावच्या बायकांचा गट एका टेबलाशी बसले, तर एकमेकांच्या वह्या पाहून ते जे शिकतील ते कोणत्याही वर्गात शिकविता यावयाचे नाही.

हे मंडळ निघेल तेव्हा निघो. तोपर्यंत आमच्या कचेरीची पुढची खोली दर शनिवारी दुपारी तीन ते सहा मोकळी ठेवण्याचे आम्ही ठरविले आहे; दोन वकील मित्रांनी व एका हिशेबनिसाने तेथे विनामूल्य बसण्याचे कबूल केले आहे. ज्या मंडळाचा बदल अर्ज राहिला असेल किंवा ज्याचे हिशेब तुंबले असतील, त्याच्या चालकांनी नोंदणीचा दाखला, ठराववही, बँकेचे पुस्तक आणि असतील तितक्या पावत्या घेऊन यावे. पावत्या पेटीत असतील तर पेटीच घेऊन यावी.